एकदा भाजलेला पेशंट परत भाजून येतो तेव्हा: कारण कसं शोधायचं आणि घरी जायच्या आधी काय काय करायचं

बर्न्स वॉर्डात काही वर्षं काढली की एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागते, काही चेहरे परत येतात. ड्रेसिंगला किंवा फॉलोअपला येतात ते वेगळे, मी म्हणतेय नव्याने भाजून येणाऱ्यांबद्दल. जुना केस पेपर काढून बघितला तर दोन्ही वेळेला तीच ओळ, "गरम पाणी अंगावर सांडून भाजले". नातेवाइकांना विचारलं की तेही दोन्ही वेळेला एकच सांगतात, लक्ष नव्हतं हो तिचं. आता लक्ष तर कोणाचंच नसतं, मी स्वतः फोन कानाला लावून गॅसजवळ उभी असते, मग एकच माणूस दोनदा का भाजतो?

केस पेपरवर कशाने भाजलं ते लिहिलेलं असतं, कशामुळे भाजलं ते बहुतेक वेळा नसतंच. पाणी, तेल, वाफ, ज्वाळा हे झालं कशाने. फिट येणं, पाय बधीर असणं, दारू, गुंगीची गोळी, घरातली मारहाण हे कशामुळे. कशाने भाजलं त्यावर आपण महिना महिना ड्रेसिंग करतो आणि कशामुळे भाजलं ते पेशंटच्या पिशवीत बसून त्याच्याबरोबर घरी जातं.

खालचं सगळं मी नातेवाइकांसाठी आणि वॉर्डात नवीन आलेल्या सिस्टर लोकांसाठी लिहितेय. पायऱ्या पाडल्यात पण सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, पहिलीच नीट झाली तर निम्मं काम झालं समजा.

पायरी १: भाजायच्या आधीचे दहा सेकंद विचारा

हे पहिल्या दिवशी विचारू नका. तेव्हा पेशंट वेदनेत असतो, घरचे घाबरलेले असतात आणि जे पटकन सुचेल ते सांगून मोकळे होतात. वेदना आटोक्यात आल्या, दोन-तीन ड्रेसिंग झाली, थोडी ओळख झाली की मग बाजूला बसून विचारा. "कसं भाजलं?" असं विचारलंत तर पाठ झालेलं उत्तर येणार. त्यापेक्षा, कुठे उभे होतात? हातात काय होतं? त्याच्या आधी काय करत होतात? भांडं हातातून सुटलेलं आठवतंय का? त्यानंतरची पहिली आठवण कुठली?

शेवटचे दोन प्रश्न फार कामाचे. एका काकूंना मी हेच विचारलं होतं, उजवा हात आणि मांडी, दुसऱ्यांदा भाजलेल्या, दोन्ही वेळा "पाणी सांडलं". काकू म्हणाल्या, "सांडलेलं आठवतच नाही हो सिस्टर, एकदम खालीच होते, आणि तोंडात रक्त." तोंडात रक्त का? तर जीभ चावलेली. पाणी सांडून कोणी जीभ चावत नाही! राउंडला डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी न्यूरॉलॉजीला दाखवलं, फिटचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या अ‍ॅडमिशनला ड्रेसिंग उत्तम झालं होतं, पण हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता, आणि त्या कोणीमध्ये मी पण होते.

उत्तरं लिहून काढायला एक सोपी पद्धत आहे. विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी रस्ते अपघातांसाठी ती मांडली होती आणि भाजण्याला ती तंतोतंत लागू पडते. कागदावर तीन रकाने करायचे, अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी, अपघातानंतर. प्रत्येकात तीन गोष्टी लिहायच्या, माणूस, ज्याने भाजलं ती वस्तू, आणि आजूबाजूची जागा. समजा "आधी" आणि "माणूस" या चौकटीत आलं "दोन दिवस फिटची गोळी चुकली", "आधी" आणि "जागा" मध्ये आलं "शेगडी जमिनीवर", "क्षणी" आणि "माणूस" मध्ये आलं "सैल सिंथेटिक कपडे", "नंतर" मध्ये आलं "घरी एकटीच होती, पाणी ओतायला कोणी नाही". बघा, एका "लक्ष नव्हतं" मधून चार गोष्टी निघाल्या आणि चारही बदलता येण्यासारख्या आहेत.

पायरी २: शरीर काय सांगतंय ते बघा

फिट येणाऱ्या माणसाचं भाजणं बहुतेक वेळा खोल असतं, कारण शुद्धीवरचा माणूस चटका बसला की हात मागे घेतो, फिटमध्ये तो हात तिथेच राहतो, आणि फिट थांबल्यावरही काही वेळ माणूस भांबावलेला असतो. आधीपासून फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्या अ‍ॅडमिट असताना चुकत नाहीयेत ना, हे नातेवाइकांनीही विचारत राहावं, कारण भाजल्याच्या गडबडीत नेहमीच्या गोळ्यांचा विसर पडतो आणि त्या अचानक बंद झाल्या की फिट येण्याची शक्यता वाढते.

दुसरं कारण, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित, बधीरपणा. जुना डायबेटिस, कुष्ठरोग, मणक्याची दुखापत, पॅरालिसिसचा झटका, यातल्या कशानेही कातडीची जाणीव कमी होऊ शकते. डायबेटिसवाल्यांचं ठरलेलं, पाय गार पडतात, मुंग्या येतात म्हणून पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं किंवा रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची. पायाला गरम कळतच नाही म्हणून आणखी गरम. सकाळी फोड. आणि यात "फार गरम नव्हतं हो" हे नातेवाइकांचं म्हणणं खरंही असू शकतं, कारण ४४ अंश सेल्सिअस इतक्या कोमट वाटणाऱ्या गरमीनेसुद्धा सहाएक तास एकाच जागी लागून राहिली तर कातडी भाजते. झोपेत पिशवी पायाला टेकलेली राहिली की हेच होतं.

तपासायला महागडं मशीन लागत नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक तार टेकवून बघतात, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, पेशंटने डोळे मिटायचे आणि कळलं की हो म्हणायचं. कळलं नाही तर त्या पायाने किंवा हाताने गरम तपासायचं नाही हा नियम आयुष्यभराचा. कोपर किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचा हात, किंवा सरळ थर्मामीटर.

बाकी चक्कर, अंधुक नजर, हाताची थरथर, विसरभोळेपणा ही कारणं म्हाताऱ्या माणसांत एकमेकांच्या हातात हात घालून येतात. स्मृतिभ्रंश असलेला माणूस गॅस चालू केल्याचं विसरतो, आणि नंतर भाजल्याचंही विसरतो, त्यामुळे त्याच्याकडून हिस्टरी मिळणार नाही, घरात जो त्याच्याबरोबर दिवसभर असतो त्याला विचारा.

पायरी ३: औषधं आणि व्यसन, लाज न वाटू देता

दारूबद्दल विचारताना "पिता का?" असं धाडकन विचारलं की उत्तर नाही येतं, विशेषतः बायको शेजारी उभी असेल तर. किती वेळा, एका वेळी साधारण किती, आणि एकदम जास्त कधी होते, असे तीन साधे प्रश्न विचारायचे, ऑडिट-सी नावाची प्रश्नावली अशीच आहे. दारू, त्यात हातात सिगारेट, आणि अंथरुणावर आडवं होणं, ही तीन एकत्र आली की आग लागायला अजून काही लागत नाही, आणि जागही उशिरा येते. आणि रोज पिणाऱ्याची दारू अ‍ॅडमिट झाल्यावर एकदम बंद होते, त्यानेही दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, म्हणून ही माहिती लपवू नका, डॉक्टर काही पोलीस नाहीत.

आता आमच्या बाजूची गोष्ट. भाजलेल्या माणसाला डिस्चार्जला जी औषधं देतात त्यातली कितीतरी झोप आणतात. खाजेसाठीच्या गोळ्या, दुखण्यासाठीच्या जोरकस गोळ्या, नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, रात्री झोप लागत नाही म्हणून अजून एक. सगळ्या गरजेच्या असतात, मी बंद करा म्हणत नाहीये, अजिबात नाही. पण कुठली गोळी घेतल्यावर किती वेळ गुंगी राहते ते दोन-तीन दिवस बघून लिहून ठेवा आणि त्या वेळात गॅस, इस्त्री, गरम पाणी दुसऱ्याकडे द्या. सकाळचा डोस घेऊन लगेच स्वयंपाकाला उभं राहायचं असेल तर डॉक्टरांना वेळ बदलून मागा, बऱ्याचदा बदलता येते.

पायरी ४: एकट्याने बोला

हे नातेवाइकांना आवडत नाही, तरी सांगते. प्रत्येक भाजलेल्या मोठ्या माणसाशी एकदा तरी खोलीत दुसरं कोणी नसताना बोललंच पाहिजे. सगळ्यांशीच केलं की कोणालाही आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही, आम्ही सरळ सांगतो की इथला नियम आहे. घरात कोणाची भीती वाटते का? आधी कधी मारहाण झालीय का? जीव नकोसा झाला होता का? हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बरेच जण कोणीतरी विचारायची वाट बघत असतात. स्वतःला जाळून घेतलेला माणूस जखम भरल्यावर त्याच घरात, त्याच मनःस्थितीत परत गेला तर पुढे काय होणार ते सांगायला नको, म्हणून मानसोपचार तज्ञ डिस्चार्जच्या आधी, नंतर बघू असं नको. आणि ज्याचा अपघात खराच अपघात होता त्यालाही नंतर भयानक स्वप्नं, झोप उडणं, दचकणं होतं, रात्रभर जागा असलेला माणूस सकाळी गॅसजवळ कसा असेल ते तुम्हीच सांगा.

लहान मूल दुसऱ्यांदा भाजून आलं तर बहुतेक वेळा दमलेले आईबाप, छोटं घर, खाली ठेवलेलं गरम भांडं हीच कथा असते. पण दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखी सारखी रेषा, शिंतोड्याचे डाग कुठेच नाहीत, दर वेळी गोष्ट वेगळी, किंवा दवाखान्यात आणायला दोन दिवस लावले, असं काही दिसलं तर ते स्वतःच्या मनाशी ठेवू नका, वरिष्ठांना कळवा. ठरवायचं काम त्यांचं. घरातल्या बाकीच्या मुलांनाही बघायला सांगा.

पायरी ५: नवीन कातडी ही नवीन रिस्क आहे हे समजून घ्या

खोल भाजलं की कातडीतली जाणिवेची टोकंही जळतात. ग्राफ्ट, म्हणजे अंगाच्या दुसऱ्या भागावरची कातडी, लावला, जखम भरली, सगळे खूश, पण त्या जागी जाणीव हळूहळू, महिन्यांनी आणि अर्धवटच परत येते. फॉलोअपला आलेले एक दादा बाकावर बसून चहा पीत होते, ग्राफ्टवाली बोटं स्टीलच्या पेल्याभोवती घट्ट. मी शेजारून बोलत होते, त्यांचा डावा हात पेल्याला लागला तसा झटकन मागे घेतला त्यांनी, आणि उजव्याने मात्र आरामात धरलेला. बघितलं तर तर्जनीला पांढरा पट्टा, संध्याकाळपर्यंत फोड. पहिल्या भाजण्याने दुसरं भाजणं घडवलं ते असं.

त्यात व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण, आखडतो. बोटं पूर्ण उघडत किंवा मिटत नाहीत, कोपर सरळ होत नाही, मग जड भांडं अर्धवट पकडीने उचललं जातं आणि निसटतं. म्हणून व्यायाम, स्प्लिंट (सांधा नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार), प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) या गोष्टी फक्त दिसण्यासाठी आहेत असं समजून सोडू नका. गारमेंट दिवसातले जवळजवळ २३ तास घालायचं असतं, त्रास होतो, घाम येतो, खाजतं, सगळं मान्य, तरीही.

उन्हाचंही तसंच. व्रण पूर्ण मुरून फिका आणि मऊ व्हायला वर्ष ते दोन वर्षं लागतात, तोवर तो गुलाबी आणि नाजूक असतो, साध्या उन्हाने पोळतो. पूर्ण बाह्या, टोपी, आणि उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. ग्राफ्टच्या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर गरमीत शरीर थंड व्हायला वेळ लागतो, चक्कर येते, आणि चक्कर शेगडीसमोर आली तर परत तेच.

अजून एक गोष्ट जी डिस्चार्जच्या घाईत सांगायची राहून जाते. व्रण कोरडा पडू नये म्हणून आम्हीच सांगतो, मॉइश्चरायझर लावा, व्हॅसलीन लावा. बरोबरच आहे. पण ते कपड्यांत, चादरीत, बँडेजमध्ये मुरत जातं आणि असं कापड पेटलं तर साध्या कापडापेक्षा खूप लवकर आणि जोरात जळतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ मध्ये यावर इशाराच दिला होता, आणि तो फक्त पॅराफिनवाल्या (म्हणजे व्हॅसलीनसारख्या) मलमांपुरता नव्हता, बिनपॅराफिनच्या क्रीमनाही लागू होता. क्रीम लावणं चालूच ठेवा, फक्त चादरी-कपडे वारंवार बदला आणि तसे कपडे घालून सिगारेट, मेणबत्ती, गॅस यांच्या जवळ जाऊ नका. धुतल्याने सगळं निघतंच असं नाही, म्हणून धुतलेले कपडे म्हणजे सेफ असं धरू नका.

पायरी ६: वॉर्डात असतानाच परत भाजू नये म्हणून

हो, हेही होतं. भेटायला आलेले प्रेमाने गरम पाण्याची पिशवी आणतात, बधीर पायाला शेक देतात. वाफ घ्यायला उकळतं भांडं पेशंटच्या मांडीवर ठेवतात. नुकतंच ऑपरेशन होऊन गुंगीत असलेल्याच्या हातात गरम कप देतात. सिस्टरला विचारल्याशिवाय शेक, वाफ, गरम काहीही नाही, एवढं पाळलं तरी खूप झालं. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ काडी किंवा लायटर तर अजिबातच नाही, आणि सॅनिटायझर लावला तर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा, त्याची वाफ पेट घेते.

पायरी ७: घराची फेरी, डिस्चार्जच्या आधी

नातेवाइकांपैकी एकाने घरी जाऊन फोनवर व्हिडिओ काढून आणावा, स्वयंपाकघर, बाथरूम, झोपायची जागा. तोंडी सांगण्यात "सगळं ठीक आहे" असतं, व्हिडिओत शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलेले डबे दिसतात, म्हणजे डबा काढायला रोज ज्वाळेवरून हात न्यायचा.

आधी गरम पाणी बघा. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदात पूर्ण जाडीची, म्हणजे सगळ्या थरांपर्यंत, भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर. तेच ४९ अंशाला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणजे ओरडायला, बाजूला व्हायला, नळ बंद करायला वेळ मिळतो. नळाला ४९ च्या वर पाणी येणार नाही असं गीझरचं सेटिंग करून घ्या किंवा गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर नळ बसवून घ्या. आकडा दाखवत नसेल तर थर्मामीटर लावून बघा. टबात-बादलीत आधी गार, मग गरम, आणि मुलांच्या आंघोळीला ३७-३८ अंश पुरतात. फिट येणाऱ्यांनी बसून आंघोळ करावी, दाराला आतून कडी लावू नये.

स्वयंपाकघरात फिटवाल्यांनी शक्यतो मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन, आणि गॅसच असेल तर मागचा बर्नर, भांड्याचा दांडा आत वळवलेला. सगळ्यात महत्त्वाचं, गरम भांडं उचलून चालायचंच नाही. ताट भांड्याकडे न्यायचं, भांडं ताटाकडे नाही. शेगडी जमिनीवर असेल तर उंचावर घ्या, रॉकेल असेल तर पेटत्या स्टोव्हमध्ये भरू नका, ओढणी-पदर-सैल बाही खोचून.

घरी ऑक्सिजन घेणाऱ्याने सिगारेट सोडणं हाच एक खरा उपाय आहे. नळी काढून लगेच ओढायला बसतात लोक, पण ऑक्सिजन कपड्यांत आणि केसांत मुरलेला असतो, निदान २० मिनिटं तरी ज्वाळेजवळ जायचं नाही. घरात स्मोक अलार्म लावता आला तर लावा.

घर भाड्याचं असेल, एकाच खोलीत सगळं असेल तर यातलं अर्धं जमणार नाही हे मला माहितीये. गरीब आणि गर्दीच्या घरांत भाजणं जास्त होतं ते काही ते लोक बेफिकीर असतात म्हणून नाही, तिथे चुकायला जागाच नसते. मग एकच बदल निवडा, कागदावरच्या रकान्यांत जी गोष्ट पहिल्या अपघाताला नडली तीच.

पायरी ८: कामावर परत जाताना

त्याच मशीनवर, त्याच भट्टीवर, त्याच वायरिंगवर परत जायचं असेल तर आधी तिथे काय बदललंय ते विचारा. काहीच बदललं नसेल तर डॉक्टरांकडून हलक्या कामाची चिठ्ठी घ्या आणि त्यात हाताची पकड आणि बधीर जागा स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "हलके काम" लिहिलं की कोणी वाचत नाही.

पायरी ९: एवढं करूनही परत भाजलंच तर

वाहतं साधं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी उपयोग होतो, म्हणून उशीर झाला आता काय, असं म्हणू नका. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल-शाई काही नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा, चिकटलेला कपडा ओढू नका. भाजलेला भाग गार करायचा, पण बाकीचं अंग झाकून ऊबेत ठेवायचं, विशेषतः मुलांचं. मग स्वच्छ सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म वरून ठेवायची, गुंडाळून आवळायची नाही.

जुन्या ग्राफ्टवर किंवा बधीर पायावर भाजलं असेल तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, तिथे दुखण्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याच दिवशी दाखवा, जुना केस पेपर बरोबर न्या, आणि सिस्टर किंवा डॉक्टर "कसं भाजलं?" विचारतील तेव्हा आधीचे दहा सेकंद तुम्हीच सांगायला लागा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.